त्रिकोण एकरूप आहेत, असं कधी म्हणायचं?

या वेळच्या पत्रांत त्रिकोणांच्या एकरूपतेविषयीची पत्रं सर्वांत जास्त आहेत, म्हणून हा सगळा भाग त्यांनाच दिला आहे. बडोद्यातल्या मराठी घरांत एकाच छपराखाली तीन माध्यमांची पुस्तकं असतात. थोरली ‘बाखूबा’ म्हणते, धाकटा ‘एसएएस’ म्हणतो आणि महाराष्ट्रातून सुट्टीला आलेला मामेभाऊ ‘बाकोबा’ म्हणतो. मी खाली मराठी पुस्तकांतली नावं वापरली आहेत: बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन, आणि अक्षरांचा क्रम तोच मापांचा क्रम. बाकोबा म्हणजे दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन. कोबाको म्हणजे दोन कोन आणि त्यांच्यामधली बाजू. बाकोको म्हणजे दोन कोन आणि त्यांच्यामध्ये नसलेली एक बाजू. बाबाबा म्हणजे तिन्ही बाजू. आणि काटकोन त्रिकोणांसाठी कर्णभुजा.

पत्रं वेगवेगळी असली तरी खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात मी एकच प्रश्न विचारणार आहे. दिलेल्या मापांवरून दुसरा, वेगळा त्रिकोण काढता येतो का? येत असेल तर माहिती अपुरी. येत नसेल तर पुरेशी. कसोट्यांची नावं पाठ करण्याआधी मुलांच्या मनात हा प्रश्न रुजला पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

शंका : माझी मुलगी नववीत आहे. चाचणीत दोन त्रिकोणांच्या दोन बाजू आणि एक कोन सारखा दिला होता. तिनं ‘बाकोबा’ लिहून त्रिकोण एकरूप ठरवले, तर गुण मिळाले नाहीत. दोन बाजू झाल्या, कोन झाला, मग कमी काय पडलं? — एक आई, सयाजीगंज

समाधान : ताई, कोन दिला होता, पण तो त्या दोन बाजूंच्या मधला नव्हता. एवढ्यानं काय बिघडतं, ते लेकीला कागदावर काढूनच दाखवा. तोंडी सांगून हे पटत नाही.

एक आडवा किरण काढा, त्याच्या टोकाला अ म्हणा. अ पाशी ३०° चा कोन करून १० सेंटिमीटरवर ब हा बिंदू घ्या. आता तिसरं माप : बक ही बाजू ६ सेंटिमीटर. क आडव्या किरणावर कुठेतरी आहे, कुठे ते शोधायचं आहे. कंपास ६ सेंटिमीटर उघडा, टोक ब वर ठेवा आणि कंस काढा. कंस किरणाला दोन ठिकाणी छेदेल: एकदा अ पासून सुमारे ५.३ सेंटिमीटरवर आणि दुसऱ्यांदा सुमारे १२ सेंटिमीटरवर. दोन्ही जागी क ठेवता येतो. दोन्ही त्रिकोणांत अब १०, बक ६, कोन अ ३०°. तरी एक त्रिकोण आखूड आणि दुसरा लांबट. क जवळचा कोन एकात सुमारे १२४° आणि दुसऱ्यात सुमारे ५६°. तीन मापं तीच असताना दोन वेगळे त्रिकोण निघाले, म्हणजे ही माहिती पुरेशी नाही.

इथे थांबू नका, कारण खरी गंमत पुढे आहे. ६ च्या जागी ४ सेंटिमीटर घ्या: कंस किरणापर्यंत पोचतच नाही, त्रिकोणच होत नाही. ५ घ्या: कंस किरणाला जेमतेम स्पर्श करतो, एकच त्रिकोण, आणि तो काटकोन त्रिकोण. ५ आणि १० च्या मधलं कुठलंही माप घ्या, दोन त्रिकोण. १० किंवा त्याहून मोठं घ्या, पुन्हा एकच. यातून नियम असा दिसतो: माहीत असलेल्या कोनासमोरची बाजू दुसऱ्या माहीत बाजूएवढी किंवा तिच्याहून मोठी असेल, तर कोन मधला नसला तरी त्रिकोण एकच निघतो. पुस्तकं हा नियम वेगळा देत नाहीत, पण त्याचा एक भाग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कोन काटकोन असला की त्याच्या समोरची बाजू म्हणजे कर्ण, आणि कर्ण नेहमीच सर्वांत मोठा. म्हणून कर्णभुजा कसोटी चालते. विशालकोनाचंही तसंच. घोळ होतो तो लघुकोनात.

परीक्षेच्या वेळी तिला एवढंच करायला सांगा: दिलेल्या कोनाच्या दोन्ही भुजांवरून पेन्सिल फिरवायची. त्या दोन्ही भुजा म्हणजेच दिलेल्या बाजू असतील, तरच बाकोबा लिहायचं.

शंका : तीन कोन सारखे असले तरी त्रिकोण लहानमोठे असू शकतात, हे सरांनी सांगितलं. पण तीन कोन आणि वर दोन बाजू, म्हणजे सहापैकी पाच गोष्टी सारख्या असल्या तर त्रिकोण एकरूप असणारच ना? — आठवीतला विद्यार्थी

समाधान : बाळा, नाही. तू विचारलेला प्रश्न फार चांगला आहे. पुष्कळ मोठी माणसंही याचं उत्तर चटकन ‘हो’ असं देतात.

एका त्रिकोणाच्या बाजू ८, १२ आणि १८ सेंटिमीटर घे. दुसऱ्याच्या १२, १८ आणि २७. दुसऱ्याची प्रत्येक बाजू पहिल्याच्या दीडपट आहे: ८ ची दीडपट १२, १२ ची १८, १८ ची २७. म्हणून दोन्हींचे तिन्ही कोन सारखे. शिवाय १२ आणि १८ या दोन बाजू दोघांतही आहेत. तीन कोन आणि दोन बाजू मिळून पाच गोष्टी झाल्या, तरी एक त्रिकोण दुसऱ्याहून सरळसरळ लहान आहे. दोन्ही पुठ्ठ्यावर काढ, काप आणि एकावर एक ठेवून बघ.

असं का झालं, ते १२ ची जागा बघितलीस की कळेल. पहिल्या त्रिकोणात १२ ही मधली बाजू आहे, दुसऱ्यात ती सर्वांत लहान. पहिल्यात ती मधल्या कोनासमोर बसली आहे, दुसऱ्यात सर्वांत लहान कोनासमोर. लांबी सारखी, पण बाजू संगत नाहीत. एकरूपतेत ‘सारखं’ या शब्दाला ‘संगत’ ही जोड नसेल तर तो शब्द काही कामाचा नाही. तीन कोन सारखे आणि एकच बाजू सारखी असेल, पण ती दोन्हीकडे त्याच कोनासमोरची असेल, तर त्रिकोण लगेच एकरूप ठरतात. पाच विसंगत मापांपेक्षा तीन संगत मापं जास्त सांगतात.

अशा आणखी जोड्या तुला करता येतील. पट १ हून मोठी आणि १.६१८ पेक्षा लहान ठेव. दुप्पट घेतलीस तर ४, ८, १६ असा त्रिकोणच होणार नाही, कारण ४ आणि ८ मिळून १२, ते १६ ला पुरत नाहीत.

शंका : ‘त्रिकोण अबक एकरूप त्रिकोण डइफ’ याऐवजी ‘त्रिकोण अबक एकरूप त्रिकोण इफड’ लिहिलं तर गुण का कापतात? त्रिकोण तर तोच आहे. — नववीतली विद्यार्थिनी, कारेलीबाग

समाधान : त्रिकोण तोच, पण विधान वेगळं. अक्षरांचा क्रम एकास एक संगती सांगतो: पहिलं पहिल्याशी, दुसरं दुसऱ्याशी, तिसरं तिसऱ्याशी. क्रम बदलला की तू कोन अ हा कोन ड ऐवजी कोन इ एवढा आहे, असं लिहून बसतेस. गुण कापणं बरोबर आहे.

शंका : काही उदाहरणांत एकच बाजू सारखी दिलेली असते आणि खाली ‘सिद्ध करा’ असतं. उरलेल्या दोन गोष्टी आणायच्या कुठून? मुलगा आकृतीकडे बघून ‘हे कोन सारखेच दिसतात’ म्हणतो. — एक वडील, फतेहगंज

समाधान : तुमच्या मुलाची अडचण खरी आहे. त्याला आकृतीतली माहिती वाचायला कोणी शिकवलेलं नाही. आकृती ‘दिसते’ त्यावर कधीच विसंबायचं नाही. छापणाऱ्यानं ती कशीही काढलेली असते. पण शब्दांत जे दिलेलं असतं, त्यात पुष्कळ लपलेलं असतं. दोन त्रिकोणांना एक बाजू सामाईक असली की ती फुकट मिळाली. दोन रेषा छेदल्या की विरुद्ध कोन समान. ‘मध्यबिंदू’ हा शब्द आला की दोन रेषाखंड समान, ‘दुभाजक’ आला की दोन कोन समान. ‘समांतर’ म्हटलं की छेदिका शोधायची आणि व्युत्क्रम कोन लिहायचे. एकाच वर्तुळाच्या दोन त्रिज्या दिसल्या तर त्या समान, हे तर मुलं हमखास विसरतात. पक्ष लिहिताना अशा प्रत्येक शब्दाचं समीकरण करून शेजारी मांडायची सवय लावा.

दुसरी गोष्ट, साध्यापासून मागे यायचं. जी बाजू किंवा जो कोन समान दाखवायचा आहे, तो कोणत्या दोन त्रिकोणांचा भाग आहे? तेच त्रिकोण घ्यायचे. त्यांच्यासाठी तीन मापं पुरत नसतील, तर आधी दुसरीच एक जोडी एकरूप दाखवून कमी पडणारं माप तिथून आणायचं.

उत्तरायणाच्या पतंगावर हे चांगलं समजतं, आणि बडोद्याच्या मुलाला पतंग समजावून सांगावा लागत नाही. पतंगाचं वरचं टोक अ, खालचं क, डावा कोपरा ब, उजवा ड. वरच्या दोन कडा समान, अब = अड. खालच्या दोन समान, कब = कड. ढढ्ढा म्हणजे उभी काडी अक. डाव्या-उजव्या कोपऱ्यांना जोडणारी सरळ रेषा बड ही ढढ्ढ्याला म मध्ये छेदते. सिद्ध करायचं आहे, की म हा बड चा मध्य आहे आणि तिथे काटकोन आहे. पतंग एका अंगाला कलू नये म्हणून किन्ना बांधण्याआधी आपण डोळ्यांनी हेच तपासतो.

मुलं घाईनं त्रिकोण अबम आणि अडम घेतात. अब = अड, अम सामाईक, आणि अबड समद्विभुज म्हणून कोन ब = कोन ड. तीन गोष्टी झाल्या, लिहा ‘बाकोबा’! पण कोन ब हा अब आणि अम यांच्या मधला नाही. पहिल्या पत्रातल्या ताईंच्या मुलीची चूक हीच. म्हणून आधी मोठे त्रिकोण घ्यायचे: अबक आणि अडक. अब = अड, कब = कड, अक सामाईक, बाबाबा. त्यातून कोन बअक = कोन डअक हे हाती आलं. आता छोट्या त्रिकोणांकडे यायचं: अब = अड, हा नवा कोन, अम सामाईक. आता मात्र कोन अगदी मधला आहे, बाकोबा. म्हणून बम = डम, आणि म जवळचे दोन्ही कोन समान; ते रेषीय जोडीतले म्हणून प्रत्येकी ९०°. पहिल्या जोडीनं जे मिळवून दिलं ते दुसऱ्या जोडीची माहिती झाली. ज्याला ही दोन पायऱ्यांची चाल जमली, त्याला या प्रकरणातलं कुठलंच उदाहरण अवघड नाही.

शंका : मी बांधकामाची कामं घेतो. पायाची आखणी करताना ३-४-५ लावून गुण्या तपासतो. वडिलांनी शिकवलं म्हणून करतो. यानं काटकोन येतोच, याची खात्री कशावरून? आणि हे पायथागोरसचं की एकरूपतेचं? — एक वाचक, मांजलपूर

समाधान : भाऊ, दोन्हींचं. आणि तुमचा प्रश्न पुस्तकातल्या पुष्कळ प्रश्नांपेक्षा मोलाचा आहे. काटकोन असेल तर ३ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग बरोबर ५ चा वर्ग, हे पायथागोरस सांगतो. तुम्हाला हवं आहे ते उलट: मापं ३-४-५ भरली म्हणून काटकोन आहे. हे उलटं विधान बाबाबा कसोटीनं सिद्ध होतं. कागदावर एक पक्का काटकोन घ्या, त्याच्या भुजा ३ आणि ४ ठेवा. पायथागोरसप्रमाणे त्याचा कर्ण ५ येतो. आता तुमच्या जमिनीवरचा त्रिकोणही ३, ४, ५ चाच. तिन्ही बाजू समान, म्हणजे दोन्ही त्रिकोण एकरूप. मग तुमचा कोनही काटकोनच. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकाचं शेवटचं, ४८ वं विधान हेच आहे आणि त्याची सिद्धताही हीच.

कामाला उपयोगी पडेल असं एक सांगतो. ३ फूट आणि ४ फुटांवर खुणा केल्या आणि कर्ण ५ फुटांऐवजी अर्धा इंच जास्त भरला, तर कोन जवळजवळ ९१° झालेला असतो. २० फुटांच्या भिंतीच्या टोकाला ही तफावत ४ इंचांहून जास्त होते. तोच अर्धा इंच ६-८-१० मध्ये चुकला, तर कोन चुकतो अर्ध्याच अंशानं. जागा असेल तर मोठा त्रिकोण लावा. आणि चारही भिंती आखून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजाच. समोरासमोरच्या भिंती सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे, तर खोली काटकोनात आहे, पुन्हा बाबाबाच.

नुसत्या चार बाजूंवर मात्र कधी भरवसा ठेवू नका. चार पट्ट्यांची चौकट खिळ्यांवर तिरपी होते, कारण त्याच चार बाजूंतून असंख्य चौकोन निघतात. लोखंडी फाटकाला तिरपी पट्टी मारतात ती याचसाठी. तिनं चौकटीचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याला हलायला जागा उरत नाही. त्रिकोणाला ३ मापं पुरतात, चौकोनाला ५ लागतात, पंचकोनाला ७. दर बाजूमागे दोन वाढतात.

शंका : आमच्या वेळी बाकोबा सिद्ध करून दाखवत. आता नातीच्या पुस्तकात ते गृहीत धरलेलं दिसतं. सिद्धता का काढून टाकली? — निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार

समाधान : सर, तुमच्या वेळची सिद्धता युक्लिडची. पहिल्या पुस्तकात विधान ४ म्हणजे बाकोबा, ८ म्हणजे बाबाबा, आणि २६ मध्ये कोबाको व बाकोको एकत्र. विधान ४ मध्ये युक्लिड एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवतो. उचलताना आकार बदलत नाही, हे मात्र त्यानं आधी कुठेच सांगितलेलं नाही. ही उणीव जाणकारांना फार काळ बोचत होती. १८९९ मध्ये हिल्बर्टनं भूमितीची पायाभरणी नव्यानं केली तेव्हा बाकोबाचा गाभाच गृहीतक म्हणून स्वीकारला आणि बाकीच्या कसोट्या त्यातून काढल्या. नातीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात बाकोबा गृहीतक आहे आणि कोबाको प्रमेय, ते याच वाटेनं. बाकोको तर एका ओळीचं काम: तिन्ही कोनांची बेरीज १८०°, म्हणून दोन कोन कळले की तिसरा कळला, आणि आपण कोबाकोवर आलो. माझ्या मते हा बदल योग्य आहे. जे सिद्ध होत नव्हतं ते सिद्ध केल्यासारखं दाखवण्यापेक्षा ‘हे आम्ही मान्य करतो’ असं मुलांना सांगणं जास्त खरं.

नातीला सांगण्यासारखी एक बडोद्याची गोष्टही आहे. जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या दरबारातल्या जगन्नाथ सम्राटानं अठराव्या शतकात युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली, तो ग्रंथ ‘रेखागणित’. त्याचं प्रकाशन हाती घेतलं ते हरिलाल हर्षदराय ध्रुव यांनी. १८८९ मध्ये स्टॉकहोमच्या प्राच्यविद्या परिषदेला बडोदे संस्थानातर्फे गेलेले विद्वान ते हेच. त्यांच्या निधनानंतर कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांनी संपादन पूर्ण केलं आणि १९०१-०२ मध्ये मुंबईहून तो दोन भागांत छापून निघाला. नातीच्या पुस्तकातल्या कसोट्या आपल्याकडे संस्कृतातही आहेत, हे तिला आवडेल.

शंका : शाळेच्या मुलांना सयाजीबागेत नेऊन एकरूपतेचा प्रत्यक्ष उपयोग दाखवायचा आहे. विश्वामित्रीची रुंदी नदी न ओलांडता मोजता येईल का? — एक शिक्षिका

समाधान : नक्की येईल, आणि बाई, तुमच्यासारख्यांनी मुलांना वर्गाबाहेर काढलं पाहिजे. पलीकडच्या काठावरचं एक ठळक झाड निवडा, त्याला झ म्हणा. अलीकडे त्याच्या बरोबर समोर, काठापासून सुरक्षित अंतरावर एक काठी रोवा, ती अ. आता अझ शी काटकोन करून काठाला समांतर २० पावलं चाला, तिथे दुसरी काठी ब. त्याच सरळ रेषेत आणखी २० पावलं, तिथे तिसरी काठी क. आता क पासून नदीकडे तोंड ठेवून, चाललेल्या रेषेशी काटकोनात, एक मूल मागे मागे जाईल. ज्या जागेवरून त्याला ब ची काठी आणि पलीकडचं झाड एका ओळीत दिसतील, तिथे त्यानं थांबायचं. ती जागा ड. आता कड टेपनं मोजा. तेवढंच अंतर अ पासून झाडापर्यंत आहे. अ ची काठी काठापासून जितकी आत आहे आणि झाड पलीकडे जितकं आत आहे, तेवढं वजा केलं की पात्राची रुंदी मिळेल.

माहिती कोणती वापरली, ते मुलांकडूनच काढून घ्या: अ आणि क जवळचे काटकोन, अब = बक ही पावलं, आणि ब जवळचे विरुद्ध कोन. कोबाको. मग संगत बाजू म्हणून अझ = कड. पावलं मोजायला तेच एक मूल ठेवा, म्हणजे पावलाची लांबी बदलणार नाही. पाऊल किती सेंटिमीटरचं, हे कळायची तर गरजच नाही. नदीकाठाखाली मात्र कोणालाही उतरू देऊ नका. विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्तीत शिरल्याचं मुलांनीही पाहिलं आहे. वरच्या मोकळ्या हिरवळीवरून हा सगळा प्रयोग होतो.

समुद्रातल्या जहाजांचं अंतर थेलीझ याच कसोटीच्या आधारे काढायचा, असं प्राचीन ग्रीक परंपरा सांगते. आपल्या देशाचा नकाशाही या माहितीवरच उभा आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटननं मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक आधाररेषा साखळीनं मोजली. तिच्या दोन्ही टोकांहून दूरच्या खुणेचे कोन मोजले की एक बाजू आणि दोन कोन मिळाले; त्रिकोण ठरला. त्याच्या नव्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा. लांबी मोजायला जमीन सपाट लागते आणि माणसं फार राबतात, कोन मात्र डोंगरमाथ्यावरून दुर्बिणीनं मोजता येतात. म्हणून मोजायचं काय हे ठरवताना कोबाको निवडली गेली. जिथे जमेल तिथे ते तिसरा कोनही मोजत. त्रिकोण ठरवायला तो लागत नाही, मोजणीतली चूक पकडायला लागतो. हे काम करता करताच लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे.

शंका : प्रश्न असा होता: ‘अब = डइ आणि कोन ब = कोन इ. दोन्ही त्रिकोण एकरूप ठरण्यासाठी आणखी कोणती एक माहिती लागेल?’ मुलानं ‘कोन क = कोन फ’ लिहिलं. उत्तरपत्रिकेत ‘बक = इफ’ हवं होतं म्हणून उत्तर चूक ठरलं. तो दोन दिवस नीट जेवला नाही. — एक आई, सयाजीगंज

समाधान : ताई, त्याचं उत्तर पूर्ण बरोबर आहे. या प्रश्नाला तीन बरोबर उत्तरं आहेत. बक = इफ असेल तर बाकोबा. कोन अ = कोन ड असेल तर कोबाको. कोन क = कोन फ असेल तर बाकोको, आणि तुमच्या मुलानं हेच लिहिलं. चौथं उत्तर ‘अक = डफ’ हे मात्र एरवी चालणार नाही, कारण मग कोन मधला राहत नाही. कोन ब काटकोन किंवा विशालकोन असल्याचं दिलं असेल, किंवा अक ही अब पेक्षा लहान नाही एवढं दिलं असेल, तर तेही चालतं.

प्रश्नात ‘बाकोबा कसोटीनं’ असे शब्द असते, तर एकच उत्तर बरोबर धरता आलं असतं. तुमच्या पत्रात उतरवलेल्या प्रश्नात ते शब्द नाहीत. मुलाला पुस्तक घेऊन सरांकडे पाठवा, बाकोको कसोटीचं पान उघडून नम्रपणे दाखवू द्या. मी ओळखतो ते बहुतेक शिक्षक अशा वेळी गुण आनंदानं वाढवतात. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सगळ्या शिक्षक मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे: एक तर प्रश्नात कसोटीचं नाव लिहा, नाहीतर तिन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्या.